ग्वेंडाने न धुतलेला पाय

ग्वेंडा सॉचुक गोड स्वभावाची आहे असं कुणी सांगितलं, तर त्या माणसाने तिला पाहिलेलंच नाही असं खुशाल समजावं. हॅमिल्टनमधल्या आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात न भरणाऱ्या जखमांचं क्लिनिक आहे, तिथली ती नर्स. मी मॅव्हिस. दाराशी टेबल टाकून बसते, नावं लिहून घेते, आकडे कॉम्प्युटरात भरते. ग्वेंडाबरोबर मी एकोणीस वर्षं काढली. माझं लग्नदेखील एवढं टिकलं नाही.

आमच्याकडे येणारी माणसं बहुतेक साखरेच्या आजाराची. पोलादाच्या कारखान्यातून रिटायर झालेले म्हातारे, बस चालवणाऱ्या बायका, बेकरीत दिवसभर उभे राहणारे. साखरेने पाय बधिर होतो, बुटात खडा गेला तरी कळत नाही, आणि एक दिवस मोज्याला डाग दिसतो म्हणून तळवा पाहावा तर नाण्याएवढी जखम. ती सहा महिने भरत नाही, वर्षभर भरत नाही. मग एखादं बोट जातं, पुढे पाऊल जातं. लोक आमच्या जिन्यावरून खाली उतरतात ते ही भीती पोटात घेऊनच.

ग्वेंडाची एक पद्धत होती, आणि ती कुठल्याही कागदात लिहिलेली नव्हती. कागद म्हणतो, जखम मिठाच्या पाण्याने साफ करा, मेलेली कातडी काढा, पट्टी बांधा. ग्वेंडा आधी प्लास्टिकची पाटी आणायची, घमेल्यासारखी पसरट, कोमट पाणी कोपराने चाचपून बघायची, आणि अख्खा पाय धुवायची. टाच, घोटा, नखं, बोटांच्या बेचक्या, सगळं. मग बेचकी न् बेचकी टिपून कोरडी करायची आणि जखमेकडे सगळ्यात शेवटी वळायची. तिचे वडील सस्कॅचवनमध्ये घोड्यांना नाल मारायचे. खूर उचलला की सगळा बघायचा, दुखतं तेवढंच बघणारा गाढव, असं ते म्हणायचे म्हणे. या सगळ्याला वीस मिनिटं लागायची आणि वीसही मिनिटं तिचं तोंड चालू असायचं. हे मोजे आहेत की पोतेरं? नखं काय बागेच्या कात्रीने कापलीस? बायको घरात आहे ना, तिला डोळे आहेत ना? साठ-साठ वर्षांचे बाप्ये माना खाली घालून ऐकायचे, आणि पुढच्या मंगळवारी धुतलेले मोजे घालून यायचे.

धुऊन झालं की माप. जखमेवर पारदर्शक कागद ठेवायचा, बारीक पेनाने कड गिरवायची, मग तो कागद चौकोनांच्या तक्त्यावर ठेवून चौकोन मोजायचे. ग्वेंडाच्या मापात अर्ध्या चौकोनाचीही चूक नसायची. ती आकडा सांगायची, मी भरायची. तिच्या हाताखाली आकडे उतरत जायचे, आणि त्याचं आम्हाला कौतुक वाटेनासं झालं होतं, इतकी सवय झाली होती.

मग ती नव्या उपचाराची चाचणी आली. बाळंतपणानंतर आया दान करतात त्या नाळेतून मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, गोठवून ठेवायच्या, आणि हव्या तेव्हा वितळवून, जेलमध्ये मिसळून जखमेवर पसरायच्या. या पेशी जखमेला नवी कातडी धरायला लावतात, असा तज्ज्ञांचा अंदाज. निम्म्या पेशंटांना पेशींचं जेल, निम्म्यांना नुसतं जेल, आणि कुणाला काय मिळालं ते ना पेशंटला ठाऊक ना आम्हाला. टोरांटोहून पेशी गोठवायची टाकी आली, कपाटाएवढी, तिला वेगळी खोली दिली. डॉक्टर लेव्हेस्क आमचे प्रमुख, वयाने ग्वेंडापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते त्या टाकीवरून जाता-येता हात फिरवायचे.

चाचणीचा एक नियम होता. पेशी मिळण्याआधी दोन आठवडे साधे उपचार करायचे, आणि पायावर भार येऊ नये म्हणून गुडघ्यापर्यंतचा जाड बूट घालायचा. त्या दोन आठवड्यांत जखम आपली आपणच पावपटीहून जास्त आकसली, तर पेशंट बाद. का, तर जी जखम साध्या उपचारांनी भरतेच आहे, तिच्यावर पेशींनी काय केलं ते कळणार कसं? नियम बरोबर होता. मला आजही त्यात खोट दिसत नाही. फक्त तो बनवणाऱ्यांनी ग्वेंडाचा विचार केला नव्हता.

पहिल्या नऊ जणांपैकी सात बाद. ग्वेंडाने पाय धुतले, जखमा आकसल्या, माणसं चाचणीतून बाहेर. आणि माणसं अशी विचित्र, की जखम भरत आली म्हणून रुसायला लागली. एका बाईची जखम तिसऱ्या हिश्शाने लहान झाली, तर ती माझ्या टेबलाशी उभी राहून रडली. तिला पेशी हव्या होत्या. पेपरात वाचलेलं, शेजारणीला सांगितलेलं, आणि आता कोमट पाण्याने बऱ्या झालेल्या पायाचं काय कौतुक सांगणार? ग्वेंडाने तिला आतून ओरडून सांगितलं की रडायचं तर बाहेर रड, इथली फरशी आत्ताच पुसली आहे.

राहिलेल्या दोघांपैकी एक बस चालवणारी बाई होती. तिची दोन वर्षांची जखम जेल लावल्यावर सात आठवड्यांत मिटली. पेशींनी की नुसत्या जेलने, देव जाणे. पण तिथली नवी कातडी मऊ होती, दाबली की दबत होती, इतर जखमांसारखी ताठ, चकचकीत नव्हती. ग्वेंडाने तिच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. तिला त्या पेशी पटल्या ते त्या दिवशी.

जानेवारीत टोरांटोहून पत्र आलं. तुमच्या केंद्रात पेशंट बाद होण्याचं प्रमाण फार आहे, मार्चअखेर निदान आणखी चार मिळाले नाहीत तर केंद्र बंद करू. डॉक्टर लेव्हेस्क ते पत्र घेऊन ग्वेंडाकडे आले. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी फार आडवळणाने बोलायला सुरुवात केली आणि शेवटी म्हणाले, "ग्वेंडा, त्या दोन आठवड्यांत कागदावर आहे तेवढंच करा. कमी नको, जास्तही नको."

"पाय धुऊ नका, असं लिहिलंय का कागदावर?"

"धुवा असंही लिहिलेलं नाही. दुसऱ्या केंद्रांत कुणी धूत नाही. मग त्यांच्या आणि आपल्या आकड्यांची तुलना कशी करणार?"

ग्वेंडा डबा उघडून कोबीचे रोल गारच खायला लागली. तिला राग आला की ती गरम करायलाही उठत नाही. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाली की त्यांचं म्हणणं काही चुकीचं नाही, तेच तर वाईट आहे. दोन आठवडे हात आखडता घ्यायचा, आणि त्या बदल्यात ज्यांच्या जखमा कशानेच भरत नाहीत त्यांना पेशी मिळायच्या. तिने हिशेब मनात चार वेळा करून पाहिला असणार. पुढच्या मंगळवारी तिने पाटी काढली नाही.

तो मंगळवार लोर्न पिजनचा होता.

लोर्न मूळचा न्यूफाउंडलंडचा, वय चोपन्न, आणि पूर्वेकडच्या आइस रिंकवर, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर, बर्फ गुळगुळीत करायचं मोठं यंत्र चालवायचा. खेळ थांबला की तो यंत्रावर बसून गोल गोल फेऱ्या घालायचा आणि सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघत बसायचं. एकवीस वर्षं तो हे करत होता. त्याला मी एकदा म्हटलं की त्यात बघण्यासारखं काय असतं, तर त्याला इतकं लागलं की दोन आठवडे माझ्यासाठी कॉफी आणली नाही. एरवी न चुकता आणायचा, दोन क्रीम, दोन साखर. स्वतः काळी प्यायचा आणि माझ्या कपाकडे बघत सुस्कारे सोडायचा.

त्याची जखम उजव्या तळव्यावर, बोटांच्या मागच्या उंचवट्यावर होती, म्हणजे नेमकी पेडल दाबायची जागा. चौदा महिने झाले होते, आणि ग्वेंडाने धुऊनही ती भरत नव्हती, कारण दिवसभर पेडल दाबायचं तो काही थांबवत नव्हता. त्याच्या बापाचा पाय साखरेनेच गेला होता, आणि लोर्नने मनाशी पक्कं धरलं होतं की आपला पाय वाचवतील तर त्या पेशीच. पाय गेला तर यंत्र गेलं, आणि यंत्र गेलं तर मी घरी बसून बायकोचं डोकं खाणार, असं तो हसत सांगायचा. हसत सांगायचा, पण मी त्याला पायऱ्या उतरताना पाहिलं आहे. कठडा घट्ट धरून, पाऊल टाकण्याआधी खाली बघत.

पहिल्या मापात जखम एकशेवीस चौकोनांची निघाली. ग्वेंडाने मिठाच्या पाण्याने साफ केली, पट्टी बांधली, बूट चढवला. सात मिनिटांत लोर्न बाहेर. त्याला वाटलं ग्वेंडाचं काहीतरी बिनसलंय, कारण तिने त्याला शिव्याही दिल्या नव्हत्या.

आठवड्याने माप घेतलं तर अठ्ठ्याण्णव. पाय न धुताही, नुसत्या बुटाने. नव्वदच्या खाली गेला की बाद, हे मला माहीत होतं. तो आकडा पेशंटला सांगायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. लोर्न टेबलाशी आला, कॉफी ठेवली, आणि विचारलं की आपलं काय खरं नाही ना? त्याचा चेहरा पाहिला आणि मला राहवलं नाही. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे याचाही एक माज असतो माणसाला, तो मला होता. मी हळूच म्हटलं, "नव्वदच्या खाली जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं."

जखम खाली जाऊ न देणं माणसाच्या हातात कसं असतं, याचा मी क्षणभरही विचार केला नाही. लोर्नने केला.

त्याने बूट काढून गाडीच्या डिकीत टाकला. रोज आठ तास साध्या बुटात यंत्र चालवलं, पेडल दाबलं, रिंकवरच्या वितळलेल्या पाण्यातून चालला. मोजा भिजला तर तसाच राहू दिला, दुखत तर काही नव्हतंच. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या पार्किंगमध्ये आल्यावर जाड बूट चढवायचा आणि लंगडत खाली यायचा.

मधल्या शुक्रवारी नुसती पट्टी बदलायची होती, मापायचं नव्हतं. ग्वेंडाने पट्टी सोडली. जखमेच्या कडा पांढऱ्या, फुगलेल्या, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या. हे तिने मला नंतर सांगितलं. तिने पाहिलं, तिचा हात पाटीकडे गेला, आणि तिने तो मागे घेतला. कागदावर नव्हतं. मंगळवारपर्यंत चार दिवस तर राहिलेत, म्हणाली स्वतःशी, आणि नवी पट्टी बांधली.

मंगळवारी माप आलं एकशेसतरा. लोर्न पास झाला. डॉक्टर लेव्हेस्क धावत आले, हात चोळत, टाकीच्या खोलीत फोन करून एक कुपी वितळवायला काढा म्हणून सांगितलं. लोर्नने माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला होता.

ग्वेंडा सही करायला पेन घेऊन बसली होती. पेन ठेवून ती उठली, पाटी काढली, नळ सोडला आणि कोपराने पाणी चाचपलं. डॉक्टर म्हणाले की आता काय करताय, वेळ जातोय. ती म्हणाली, "दोन आठवडे संपले ना? आता कागद माझ्या आड येत नाही."

करंगळी आणि शेजारचं बोट तिने वेगळं केलं, आणि बेचकीत काळं पडलेलं होतं. फार मोठं नाही, वाटाण्याएवढं. ओल्या मोज्यात कातडी फाटली, आत घाण गेली, आणि बधिर पायाने काहीही कळवलं नाही. तिने तळव्यावरून अंगठा दाबत नेला तसा जखमेतून पू आला. मग तिने बोथट टोकाची बारीक सळई आत घातली, आणि ती सळई कुठेतरी अडली. हाडाला लागली होती. हाडाशी गेलेली जखम म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, लोर्नलासुद्धा.

तिने विचारलं की बूट किती दिवस घातला नाहीस. लोर्नने सगळं सांगितलं, लहान आवाजात. कुणी सांगितलं तुला असं करायला, हे डॉक्टरांनी विचारलं. लोर्न म्हणाला, माझं मीच. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी टेबलावरच्या फायली सारख्या करत बसले. इतकं नीच मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

वितळवलेली कुपी टाकून द्यावी लागली. लोर्नला त्याच दुपारी वर वॉर्डात नेलं, आणि गुरुवारी दोन बोटं आणि त्यांच्यामागचं हाड काढलं.

चाचणीच्या फॉर्मवर पेशंट बाद होण्याची पाच कारणं छापलेली असतात, एकावर खूण करायची. डॉक्टरांनी "पेशंटने बूट घातला नाही" यावर खूण केली, जे खरंच होतं. ग्वेंडाने फॉर्म त्यांच्या हातून घेतला आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलं की नर्सने शुक्रवारी कडा पाहिल्या होत्या, पाय धुतला नाही, धुतला असता तर बेचकी दिसली असती. डॉक्टर म्हणाले, हे कारण यादीत नाही. ती म्हणाली, मग यादीत घाला. डॉक्टरांनी फॉर्म माझ्याकडे दिला आणि मी ते शब्द न शब्द कॉम्प्युटरात चढवले. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

त्यानंतर ग्वेंडाने येणारा प्रत्येक पाय धुतला, चाचणीचा असो नसो. फेब्रुवारीत तीन जण बाद झाले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोन माणसं ट्रक घेऊन आली आणि टाकी घेऊन गेली. डॉक्टर लेव्हेस्क जाता-येता त्या रिकाम्या खोलीत डोकावायचे. मला त्यांची कीव आली. पेशी चांगल्याच असतील, आणि त्या ज्यांच्या उपयोगी पडल्या असत्या ती माणसं आमच्या बाकांवर अजून बसलेली असतात.

ऑपरेशनची जागा भरून यायला लोर्नला अकरा आठवडे लागले. मंगळवार आणि शुक्रवार, पाटी, कोमट पाणी. पाऊल वाचलं, पण यंत्र चालवायची परवानगी पुन्हा मिळाली नाही. रिंकवाल्यांनी त्याला स्केटच्या पात्यांना धार लावायच्या खिडकीत बसवलं. तिथे बसून त्याला बर्फ दिसत नाही, फक्त यंत्र फिरल्याचा आवाज येतो. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, ग्वेंडाने विचारलं म्हणून सांगितलं. आता तो माझ्यासाठी कॉफी आणत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला एका शब्दानेही बोललेली नाही.

एप्रिलमध्ये जखम मिटली त्या दिवशी ग्वेंडा त्याचा पाय पुसत होती. लोर्नने विचारलं, "त्या पेशी मिळाल्या असत्या तर माझी बोटं राहिली असती का गं?"

"ते मला माहीत नाही," ग्वेंडा म्हणाली. "शुक्रवारी मी पाय धुतला असता तर बहुतेक राहिली असती."

मी उठले. का उठले ते सांगता येणार नाही, तीन महिने उठले नव्हते. दारात उभी राहून म्हणाले की नव्वदचा आकडा त्याला मी सांगितला होता, बूट त्याने माझ्यामुळे काढला.

ग्वेंडाने मान वर केली नाही. "मला माहीत आहे. त्या आठवड्यात तो आकडा तुझ्या टेबलावर होता आणि माझ्या डोक्यात होता. मी सांगितला नव्हता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते." तिने शेवटची बेचकी टिपली, जिथे आता बेचकी नव्हती, नुसती कड होती. मग लोर्नला म्हणाली, "आता दुसरा पाय दे. आणि ते मोजे काढ, पोतेरं बरं त्याच्यापेक्षा." लोर्नने मोजा काढला. तो माझ्याकडे बघेल म्हणून मी दारातच उभी होते, पण बाहेर पुढचा पेशंट आला आणि मला नाव लिहून घ्यायला जावं लागलं.